अंगावर काढायचं दुखणं नव्हे

‘दुखणं अंगावर काढणं’ हा शब्दप्रयोग पहिल्यांदा कुणी केला कोण जाणे, पण ती बाईच असली पाहिजे. पुरुष ताप आला की पांघरूण घेऊन निजतो. बाई ताप अंगावर काढते, कंबरदुखी अंगावर काढते, आणि सर्वांत जास्त काळ अंगावर काढते ते आतलं दुखणं. पांढरं जाणं, खाज, आग, वास, ओटीपोटातली कळ. या दुखण्यांना आपल्याकडे नावंसुद्धा आडवळणाची. कुणी ‘धुपणी’ म्हणतं, कुणी ‘उष्णता झालीय’ म्हणतं, तर आमच्या शिरोळकडच्या थोरल्या बायका ‘आमच्यात असलं बोलत न्हाईत’ एवढंच म्हणून पदर सारखा करतात.

आज मात्र त्यावरच लिहायचं आहे आणि जरा स्पष्ट लिहायचं आहे. हे पान मुलांच्या हाती पडेल म्हणून काळजी करू नका. मी शाळेत शिकवते. नववी-दहावीतल्या मुलींना यातलं बरंच काही कानावर आलेलं असतं, आणि जे आलेलं असतं त्यातलं निम्मं चुकीचं असतं. तेव्हा पडलं हाती तर पडू द्या.

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो. “अंगावरून पांढरं जातं. औषध घेतलं की थांबतं, महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा सुरू होतं. हे एड्सचं तर लक्षण नाही ना?” पत्राखाली नाव नसतं. गाव असतं, तेही कधीकधी खोडलेलं असतं.

याचं सरळ उत्तर असं, की नाही, पांढरं जाणं म्हणजे एड्स नव्हे. पण तेवढ्यावर निर्धास्त होऊन पत्र मिटू नका. कारण या आतल्या दुखण्यांपैकी काही अशी आहेत, की ती स्वतः एचआयव्ही नसली तरी एचआयव्हीला आत यायला वाट करून देतात. हा संबंध डॉक्टरांना गेली तीस-पस्तीस वर्षं ठाऊक आहे. आपल्यापर्यंत मात्र तो नीटसा कधी पोचलाच नाही.

आधी भीतीचा भाग बाजूला काढू. थोडं पांढरं किंवा पारदर्शक जाणं हे प्रत्येक बाईला असतं. पाळीच्या मध्यावर, पाळीच्या आधी, दिवस गेलेले असताना ते वाढतं. त्याला घाण वास नसतो, खाज नसते. ते दुखणं नव्हे, आणि त्यानं हाडं झिजत नाहीत की कॅल्शियम वाहून जात नाही. दह्याच्या कवड्यांसारखं जात असेल आणि भयंकर खाज असेल तर बहुधा बुरशी असते. मधुमेह असेल, नुकत्याच जोराच्या गोळ्या खाल्ल्या असतील तर ती होते. त्यावरून नवऱ्यावर संशय घेण्याचं काही कारण नाही. माशासारखा वास येत असेल तर आतल्या जंतूंचा तोल बिघडलेला असतो. तोही बाहेरून आणलेला रोग म्हणता येत नाही, पण उपचार मात्र हवा.

याउलट हिरवट-पिवळं, फेसाळ जाणं, पुवासारखं जाणं, सोबत ओटीपोटात दुखणं, संबंधाच्या वेळी दुखणं किंवा नंतर रक्त दिसणं, त्या जागेवर फोड किंवा जखम होणं, जांघेत गाठ येणं, ही लक्षणं बहुधा संबंधांतून लागणाऱ्या रोगांची असतात. परमा, गरमी ही त्यांतली जुनी नावं तुम्ही ऐकली असतील. क्लॅमिडिया, ट्रायकोमोनास, जननेंद्रियावरची नागीण ही नावं डॉक्टरांच्या कागदावर दिसतील. या नागिणीच्या बारीक पाणीदार पुळ्या पुन्हा पुन्हा उठतात. अंगाला पट्ट्यानं होणारी नागीण निराळी.

यातली सर्वांत फसवी गोष्ट अशी, की पुष्कळ बायकांना काहीच जाणवत नाही. क्लॅमिडिया झालेल्या बहुतेक बायकांना लक्षण म्हणून काही नसतंच. आणि गरमीची पहिली जखम दुखत नाही, तीन ते सहा आठवड्यांत औषधाशिवाय भरूनही येते. बाई म्हणते, बरं झालं, गेलं. जखम गेलेली असते, रोग रक्तात राहतो आणि पुढं वर्षानुवर्षं आपलं काम करतो.

आता एचआयव्हीशी याचा संबंध कसा, ते पाहू. एचआयव्हीचा विषाणू अखंड, निरोगी त्वचेतून आत शिरू शकत नाही. आतली नाजूक त्वचासुद्धा, ती धड असेल तर, पुष्कळ वेळा त्याला अडवते. पण तिथं जखम असली, मग ती दिसणारी असो वा न दिसणारी, की कुंपणाला भगदाड पडलं. एवढंच असतं तरी समजायला सोपं होतं. खरी गंमत (गंमत कसली म्हणा!) पुढं आहे. कुठंही जंतुसंसर्ग झाला, की तिथं लढायला आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी गोळा होतात. एचआयव्ही नेमका त्याच पेशींपैकी काहींमध्ये शिरून वाढतो. म्हणजे जिथं चोराला हवा असलेला माल आहे तिथंच भिंत पडलेली. त्यामुळं जखम नसली, नुसता दाह असला, तरीही धोका वाढतो. जननेंद्रियावरची नागीण असलेल्या माणसाला एचआयव्ही लागण्याचा संभव साधारण दुप्पट-तिप्पट असतो, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. पुण्यातल्या अभ्यासात नुकतीच नागीण लागलेल्यांना तो धोका आणखी मोठा आढळला.

दुसरी बाजूही आहे. ज्याला एचआयव्ही आहे आणि उपचार चालू नाहीत, त्याला यातला एखादा रोग झाला तर त्याच्याकडून तो दुसऱ्याला लागण्याचा संभव वाढतो. आफ्रिकेतल्या मलावी देशात १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं, की मूत्रमार्गाला दाह असलेल्या एचआयव्हीबाधित पुरुषांच्या वीर्यात विषाणूचं प्रमाण इतर बाधितांच्या आठपट होतं. त्यांना परम्यासारख्या रोगांची साधी औषधं दिली, तर ते प्रमाण पंधरवड्यात पुष्कळ खाली आलं. टांझानियातल्या म्वांझा भागात तर खेड्यातल्या दवाखान्यांत या रोगांचे उपचार सुधारले, एवढ्यानंच नव्या एचआयव्हीची लागण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली. ते १९९५ साली जाहीर झालं. नंतर युगांडात सगळ्यांना सरसकट गोळ्या वाटून पाहिल्या, तर तसा गुण आला नाही. माझ्या मते यातला धडा असा, की एकदा गोळ्या वाटणं वेगळं आणि दुखणं आलं की लगेच जाता येईल असा दवाखाना जवळ असणं वेगळं.

तुम्ही म्हणाल, ही आफ्रिकेची गोष्ट झाली, आपला काय संबंध? आपण घरंदाज बायका, एका नवऱ्याच्या.

तर मग पुण्याचीच गोष्ट सांगते. १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या बायकांची तपासणी त्या वेळच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या डॉक्टरांनी केली. त्यांतल्या ३९१ बायका वेश्याव्यवसायातल्या नव्हत्या. बहुतेक लग्न झालेल्या, आणि आयुष्यात नवऱ्याखेरीज दुसरा पुरुष न पाहिलेल्या. त्यांच्यापैकी १३.६ टक्के, म्हणजे शंभरात तेरा-चौदा जणींना एचआयव्हीची लागण झालेली निघाली. धोका कशामुळं वाढला होता? त्यांच्या वागण्यामुळं नव्हे. नवऱ्याला यातला एखादा रोग होता, यामुळं. हे आकडे १९९७ साली प्रसिद्ध झाले तेव्हा मोठमोठ्या डॉक्टरांनाही धक्का बसला होता. अर्थात या बायका काही तरी त्रास होता म्हणूनच दवाखान्यात आलेल्या होत्या. घराघरांतून शंभरात तेरा असं कधीच नव्हतं. आज देशात मोठ्या माणसांत हे प्रमाण हजारी दोनच्या आसपास आहे. पण तेवढ्यानंसुद्धा सुमारे २५ लाख माणसं होतात, आणि त्यांतली सर्वांत जास्त आपल्या महाराष्ट्रात आहेत.

आणि आपला भाग तर त्या काळात पुरता होरपळलेला. सांगली आमच्यापासून एसटीनं जवळ. तिथं १९९२ साली मीना शेषू यांनी ‘संग्राम’ ही संस्था सुरू केली आणि गोकुळनगरातल्या वेश्याव्यवसायातल्या बायकांमध्ये काम सुरू केलं. पुढं १९९६ साली त्या बायकांनी स्वतःची संघटना उभी केली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. निरोध वाटणं, गिऱ्हाइकाला तो वापरायला लावणं, दुखणं झालं की एकमेकींना दवाखान्यात नेणं, हे काम त्या बायकांनी स्वतः केलं. ज्यांच्याकडं आपण मान वळवून बघतही नाही, त्या बायका ‘निरोध नसेल तर चालता हो’ असं म्हणायला शिकल्या. आपल्यापैकी किती जणींना हे आपल्या घरात म्हणता येईल, सांगा बरं? मला तर वाटतं, या एका बाबतीत त्या आपल्या पुढं आहेत.

निरोधाचा विषय निघाला म्हणून ऑपरेशनचंही बोलायला हवं. आपल्याकडं दोन मुलं झाली की बाई ऑपरेशन करून मोकळी होते आणि निरोधाचं नाव घरातून कायमचं जातं. ऑपरेशननं दिवस राहत नाहीत, बस्स. तांबीचं तेच, गोळ्यांचं तेच. रोगापासून यातलं काहीच वाचवत नाही. उलट आत जंतुसंसर्ग असताना तांबी बसवली तर तो वर गर्भाशयापर्यंत चढायची भीती असते, म्हणून आधी तपासून घ्यावं. पिशवी काढली तरीही हे रोग लागायचे ते लागतातच. हे मुद्दाम लिहिते आहे. दर हंगामात आमच्या तालुक्यात मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, कोप्या करून फडाशेजारी राहतात. २०१९ साली बीड जिल्ह्यात सरकारी समितीनं ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली आढळली. पाळीचा त्रास आणि पांढरं जाणं घेऊन दवाखान्यात गेलेल्या किती तरी जणींना कॅन्सरची भीती घालून टेबलावर घेतलं गेलं. ज्या दुखण्याला आठवडाभराच्या गोळ्या पुरल्या असत्या, त्यासाठी पंचविशी-तिशीत पिशवी गेली!

दवाखान्यात जायला उशीर करणाऱ्या फक्त ऊसतोडीच्या बायकाच नाहीत. १९८९ साली डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बायकांना तपासून जगाला दाखवून दिलं होतं, की त्यांतल्या ९२ टक्के जणींना स्त्रियांच्या दुखण्यांपैकी एक ना एक होतं, आणि त्याआधी कधी आतून तपासून घेतलेल्या बायका होत्या शंभरात आठ. तेव्हा दवाखाने लांब होते, बाई डॉक्टर नव्हत्या. आज आमच्या तालुक्यातून जयसिंगपूर, मिरज, इचलकरंजी, कोल्हापूर हाकेच्या अंतरावर. तरी बाई आधी मेडिकल दुकानातून ‘पांढऱ्या जाण्यावरची गोळी’ आणते, मग शेजारणीकडून उरलेली ट्यूब आणते. पुरुष एसटी स्टँडाच्या भिंतीवरची ‘गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज’ ही जाहिरात वाचून तिथं पैसे घालवून येतो. कुणी आतून साबणानं किंवा जंतुनाशक पाण्यानं धुवायला सांगतं. हे तर अजिबात करू नका. आतले चांगले जंतू त्यानं मरतात आणि रोगाला आयती जागा होते. बाहेरून साध्या पाण्यानं धुतलं की पुरे.

आता त्या पत्रांतल्या प्रश्नाकडं येते. औषध घेतलं की थांबतं आणि पुन्हा होतं, ते का? पुष्कळदा कारण एकच असतं. औषध एकटीनं घेतलेलं असतं. रोग दोघांत असतो आणि गोळ्या एकीच्या पोटात. नवऱ्याला काही त्रास नसतो म्हणून तो म्हणतो, “मला काय झालंय? तूच घे.” पंधरा दिवसांत तो तिला पुन्हा देतो. अशा वेळी बाईचा दोष नसतो, डॉक्टरांचाही नसतो. दोघांनी एकाच वेळी औषध घेणं आणि ते पुरं होईपर्यंत संबंध न ठेवणं, निदान निरोध वापरणं, याला दुसरा इलाज नाही.

ते त्याला सांगायचं कसं, इथं गाडी अडते. ‘तुम्ही कुठून आणलंत’ या वाक्यानं सुरुवात केली की भांडण झालं आणि गोळ्या राहिल्या बाजूला. आणि खरं सांगायचं तर कुठून, कधी, कुणाकडून, हे कळायला मार्गही नसतो. काही रोग वर्षानुवर्षं गुपचूप बसून असतात, लग्नाआधीचेही असू शकतात. तेव्हा आधी औषध आणि हिशेब नंतर. “डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, दोघांनी घेतल्या तरच गुण येतो, न्हाईतर पैसे वाया,” एवढंच सांगावं. पैसे वाया जाणार म्हटलं की पुष्कळ पुरुष ऐकतात, हा माझा अंदाज नव्हे, अनेकींचा अनुभव आहे. नाहीच ऐकलं तर डॉक्टरांनाच म्हणावं, तुम्ही चिठ्ठी द्या किंवा त्यांना बोलावून घ्या. सरकारी दवाखान्यांत जोडीदाराच्या उपचाराची सोय असते. आणि जिथं असं बोलल्यावर मार खायची वेळ येईल असं घर असेल, तिथं आधी स्वतःचा उपचार आणि स्वतःची तपासणी गुपचूप करून घ्यावी. समुपदेशक ताईंना घरची परिस्थिती सांगावी, पुढचं बोलणं कसं करायचं ते त्यांच्यासोबत ठरवावं.

जायचं कुठं? मोठ्या सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. कोल्हापूरला सीपीआर आहे, सांगली-मिरजेला सरकारी रुग्णालयं आहेत. तिथं लक्षणं पाहून औषधं फुकट देतात, ती ठरावीक रंगांच्या पाकिटांत असतात. करडं, हिरवं, पांढरं अशी दुखण्याप्रमाणं वेगवेगळी. म्हणून जावेचं हिरवं पाकीट आपण घेऊ नये, दुखणं वेगळं असेल तर पाकीटही वेगळं लागतं. पाकीट घेऊनही आठवडाभरात गुण आला नाही तर पुन्हा दाखवायला जायचं, थांबायचं नाही. तिथंच एचआयव्हीची आणि गरमीची रक्ततपासणी करून मागावी. यातला एक रोग निघाला तर दुसऱ्याची तपासणी करायचीच, असा नियम मनाशी धरा. अगदी अलीकडं धोका आला असेल तर पहिल्या तपासणीत एचआयव्ही दिसत नाही, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी लागते.

तपासणी सक्तीची नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं, जो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, तुमच्या संमतीशिवाय ही तपासणी करता येत नाही आणि निकाल गावभर करता येत नाही. हे सांगण्याचं कारण आहे. पूर्वी गरोदरपणात बाईची तपासणी आधी व्हायची, लागण तिच्या रक्तात आधी दिसायची, आणि मग ‘हिनंच आणलं’ म्हणून तिलाच घराबाहेर काढलं जायचं. नवऱ्याची तपासणी कुणी केलेलीच नसायची. ज्याचं रक्त आधी तपासलं त्यानं रोग आणला, हा कुठला न्याय?

गरोदर मुलींना, सुनांना मात्र आवर्जून सांगा, दोन्ही तपासण्या पहिल्या तिमाहीतच करून घ्या. गरमी निघाली तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनानं बाळ वाचतं. नाही तर गर्भ पोटात जाण्याची किंवा बाळ रोग घेऊन जन्मण्याची भीती असते. एचआयव्ही निघाला आणि काहीच उपचार केले नाहीत, तर शंभरातल्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांना तो लागतो. आईनं नियमित गोळ्या घेतल्या आणि बाळाला जन्मल्यावर औषध दिलं, तर पाचांपेक्षाही कमी बाळांना.

गोळ्यांचं म्हणाल तर २००४ पासून सरकारी केंद्रांत त्या फुकट मिळतात, आणि २०१७ पासून लागण आढळली की लगेच सुरू करतात, आजार वाढायची वाट पाहत नाहीत. गोळ्या रोज घेऊन रक्तातला विषाणू तपासणीत दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तर संबंधांतून तो दुसऱ्याला लागत नाही. नव्वद सालच्या आसपास ज्यांनी आपल्या गल्लीत माणसं झिजून गेलेली पाहिली, त्यांना हे खरं वाटत नाही, पण ते खरं आहे. तरीही निरोध सोडू नये, कारण परमा आणि गरमी त्या गोळ्यांना जुमानत नाहीत.

गेल्या महिन्यात एकीनं विचारलं होतं, की तिचे यजमान कापडाच्या गाडीवर असतात, महिना-महिना बाहेर, तिला त्रास काहीच नाही, तरी तपासून घ्यावं का? घ्यावं. त्रास नसणं म्हणजे रोग नसणं नव्हे, हे वर लिहिलंच आहे. जाताना गेल्या पाळीची तारीख आणि आधी घेतलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या सोबत ठेवा. पाळी चालू असताना जाऊ नका, आदल्या दिवशी आतून काही औषध लावू नका. बाई डॉक्टर कुठल्या वारी असतात ते आधी विचारून जा. गावात कुणाला विचारायची लाज वाटत असेल तर १०९७ हा सरकारी फोन क्रमांक आहे. पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही.